लोकरीचा चौकोन : एक परीक्षण

परीक्षणासाठी पुस्तक यावे, नाटक यावे, फार तर एखाद्या चित्रकाराचे प्रदर्शन यावे, असा आपल्याकडील नियतकालिकांचा परिपाठ आहे. लोकरीच्या वीतभर चौकोनाचे परीक्षण कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर ते ‘खास स्त्रियांसाठी’ या सदराखाली, लोणच्याच्या कृतीशेजारी, चार बोटे जागेत उरकले जाते. हा परिपाठ आम्हांस मान्य नाही. जी वस्तू शंभराहून अधिक वर्षे असंख्य हातांनी सारख्याच रीतीने केली, आणि जी क्रोशाची सुई हाती धरणाऱ्या मुलीला आज बहुधा सर्वांआधी शिकवली जाते, तिला गुणदोषांच्या छाननीतून सूट का मिळावी, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अजून कोणी दिलेले नाही.

आम्ही वकिली करतो ते बुऱ्हाणपूर तापीच्या काठी, खानदेशाच्या वेशीवर वसलेले आहे. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी. पण रावेर-जळगावकडे नातीगोती असल्यामुळे पुष्कळ घरांच्या माजघरात मराठीच नांदते. या गावात दोरा ही क्षुल्लक बाब कधीच नव्हती. सतराव्या शतकात ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या येथे आला, तेव्हा येथील तलम, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जात असल्याचे त्याने नमूद करून ठेवले. त्यातल्या कित्येक वस्त्रांत सोन्यारुप्याची तार असे. १९०६ साली येथे तापी मिल निघाली. आज यंत्रमागांचा खडखडाट हीच कित्येक मोहल्ल्यांची ओळख आहे. ज्या गावात यंत्रे अहोरात्र ताणा आणि बाणा विणतात, त्याच गावात एखादी मुलगी ओट्यावर बसून एका सुईने, एका दोऱ्याने, ताण्यावाचून आणि बाण्यावाचून वस्त्र निर्माण करते, ही गोष्ट थांबून पाहण्याजोगी आहे.

‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आकडा. पोर्तुगीज भाषेने तो फ्रेंचांकडून घेतला आणि पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील अनेक घरांत हे काम रुळले, म्हणून आमच्या कोंकणी वाचकांस तो परका वाटण्याचे कारण नाही. उत्तरेकडे त्याचा ‘क्रोशिया’ झाला. बुऱ्हाणपूरच्या दुकानात क्रोशिया मागावा आणि घरी आणून क्रोशे विणावे, अशी आमची द्विभाषिक व्यवस्था आहे. युरोपात ही कला श्रीमंतांच्या लेसची स्वस्त नक्कल म्हणून वाढली. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ ओढवला, तेव्हा क्रोशाची जाळी विणून विकणे हाच कित्येक कुटुंबांच्या पोटाचा आधार ठरला. म्हणजे ही ‘फावल्या वेळची’ कला आपल्या उमेदीच्या काळातच उपाशी माणसांच्या हाती होती. हा मुद्दा आम्ही पुढे पुन्हा घेणार आहोत.

चौकोनाचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. छापील कृतींपैकी सर्वांत जुनी म्हणून जी सांगितली जाते ती १८८५ साली अमेरिकेतील ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या पत्रात आली होती. उरलेल्या लोकरीचे तुकडे वाया जाऊ नयेत, म्हणून लहान लहान चौकोन विणावे आणि पुरेसे साठले की जोडून पांघरूण करावे, हा त्यामागील संसारी विचार. पुढे त्याला ‘ग्रॅनी स्क्वेअर’, म्हणजे आजीचा चौकोन, असे नाव चिकटले आणि १९७० च्या सुमारास तर पाश्चात्त्य तरुणांच्या सदऱ्या आणि झोळ्यादेखील त्याच्याच होऊ लागल्या. नावात आजी आली की टीकाकाराची पंचाईत होते. आजीच्या वस्तूला नावे कशी ठेवावी? म्हणून आम्ही या लेखात त्यास नुसते चौकोन म्हणू.

मराठी स्त्रियांनी या परक्या कामाला दिलेली परिभाषा मोठी चोख आहे. दोऱ्याच्या फासातून फास ओढत गेले की साखळी. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन उभा केलेला टाका तो खांब. वेढा न घेता केलेला, आखूड, अंग चोरून बसणारा तो मुका खांब. हे शब्द ऐकल्याबरोबर डोळ्यांपुढे इमारत उभी राहते. इंग्रजीत याच टाक्यांची नावे इंग्लंडात एक आणि अमेरिकेत दुसरी आहेत. त्यामुळे एकच शब्द वाचून दोन देशांतल्या दोन बायका दोन निराळे टाके घालतात. आमचा खांब मात्र नागपुरात खांब आणि बुऱ्हाणपुरातही खांबच.

आता कृती. चार साखळ्या घालून त्यांची टोके एका टाक्याने जोडली की अंगठीहून लहान असे एक कडे होते. त्यावर तीन साखळ्या उभ्या कराव्या. त्या पहिल्या खांबाच्या जागी धरायच्या. मग कड्यात सुई घालून आणखी दोन खांब. हा तिघांचा एक गट. दोन साखळ्यांची फट सोडून पुन्हा तीन खांब, असे एकंदर चार गट आणि चार फटी झाल्या की शेवटची फट पहिल्या खांबाच्या माथ्याला जोडावी. पहिली फेरी संपली. त्या चार फटी हेच चौकोनाचे चार कोपरे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याच्या फटीत तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. तिसऱ्या फेरीत कोपऱ्यांत तेच, आणि दोन कोपऱ्यांच्या मधल्या बाजूवर जी मोकळी जागा राहिलेली असते तीत तीन खांबांचा एकच गट. यापुढे नवे असे काही नाही. चौथ्या फेरीत बाजूवर दोन गट, पाचवीत तीन. कोपऱ्यांचा कायदा अखेरपर्यंत बदलत नाही.

नवशिक्यासाठी याहून चांगला पहिला धडा आम्हांस ठाऊक नाही. दोन सुयांच्या विणकामात शेकडो फास एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. एक निसटला की नवशिकीचा धीर सुटतो. क्रोशात जिवंत फास एकच. तो सांभाळला की सर्व सांभाळले. चूक झाली तर सुई काढून दोरा ओढावा आणि चूक जेथे झाली तेथपर्यंत परत जावे. दुसरे असे की, चौकोनात टाक्याच्या माथ्यात सुई खुपसायची नसून ऐसपैस फटीत घालायची असते, त्यामुळे डोळ्यांस ताण पडत नाही. तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत मोठे, तो एका संध्याकाळी पुरा होतो. पूर्वी आमच्याकडे मुलीला पहिल्यांदाच ताटावरचा रुमाल नाही तर दाराचे तोरण घालायला देत. बारीक सूत, बारीक सुई, आणि मोर उमटायला दोन महिने. मोर पुरा होण्याआधी मुलीची हौस पुरी होई, आणि अर्धा मोर ट्रंकेत जाऊन पडे.

येथपर्यंत स्तुती झाली. आता तक्रार मांडतो, आणि ती चौकोनाविरुद्ध नाही, तो शिकवण्याच्या रीतीविरुद्ध आहे. कृती सांगणारी पुस्तिका असो किंवा शेजारची काकू असो, सांगणे ठरलेले: तीन खांब घाल, दोन साखळ्या घाल, कोपऱ्यात दुप्पट कर. का, ते कोणी सांगत नाही. वकिलीच्या धंद्यात आम्हांस हे पहिल्या वर्षीच शिकवतात की कलमाचे शब्द पाठ करणारा कारकून होतो, कलमाचा हेतू ओळखणारा वकील होतो. चौकोनाचेही एक कलम आहे आणि त्याचा हेतू मोजून दाखवता येतो.

पहिल्या फेरीत खांब १२. दुसरीत कोपऱ्यांचे सहा-सहा, म्हणजे २४. तिसरीत कोपऱ्यांचे २४ आणि बाजूंचे १२, मिळून ३६. चौथीत ४८, पाचवीत ६०. दर फेरीला बरोबर १२ खांब वाढतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. पाच फेऱ्यांच्या चौकोनात एकूण १८० खांब भरतात. आता गंमत अशी की याच खांबांनी सपाट वर्तुळ विणायचे म्हटले, तर तेथेही सर्वसाधारण नियम दर फेरीला १२ खांब वाढवण्याचाच आहे. भांडवल सारखे, फरक वाटणीचा. वर्तुळात ही वाढ सर्व परिघावर सारखी वाटली जाते, चौकोनात ती चार कोपऱ्यांत गोळा केली जाते. जेथे वाढ साठली तेथे टोक आले, जेथे साठली नाही तेथे सरळ बाजू आली. ही एवढी गोष्ट जिला उमगली तिला पुस्तिका लागत नाही. वाढ तीन ठिकाणी गोळा केली तर काय होईल, सहा ठिकाणी केली तर काय होईल, हे ती स्वतः विणून पाहील.

आणि हेतू कळला की दोषाचे निदानही आपले आपण करता येते. चौकोन मध्यभागी वाटीसारखा खोल होत असेल तर एखाद्या कोपऱ्याला त्याचा पुरता वाटा मिळालेला नाही, किंवा हात फार आवळून चालतो आहे. कडेला झालरीसारख्या लाटा येत असतील तर कोठेतरी हक्कापेक्षा जास्त गट घुसले आहेत. चौकोन चौकोनच आहे, पण अंग एका बाजूस किंचित पिळल्यासारखे दिसते, तर त्याचे कारण मोजणीत नसते. सर्व फेऱ्या एकाच तोंडाने विणल्या की टाक्यांचा कल साचत जातो. दर फेरीनंतर काम उलटे करून विणले की तो कल कापला जातो. नवशिक्या मुलीला हे तीन दोष जाणूनबुजून करून दाखवावे. दोषाचा चेहरा ओळखीचा झाल्यावर त्याची भीती राहत नाही. आमच्या पाहण्यात आलेल्या पुस्तिकांत चौकोनाचे गुळगुळीत चित्र तेवढे असते, बिघडलेल्या चौकोनाचे एकही नसते. आणि शिकणारीच्या हातात तर पहिल्या दिवशी बिघडलेलाच चौकोन असतो!

वर्तुळाचा विषय निघाला म्हणून आमच्या गावातील एका वस्तूचा उल्लेख करणे भाग आहे. बुऱ्हाणपुरास दाऊदी बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आहे आणि देशोदेशींचे यात्रेकरू तेथे येतात. त्या पुरुषांच्या डोक्यावरची पांढरी टोपी पुष्कळांनी पाहिली असेल. पण ती क्रोशाने विणलेली असते, आणि त्या समाजातील स्त्रिया ती घरी हाताने विणतात, हे किती जणांच्या ध्यानी आले असेल? पांढऱ्या सुताचे अंग, त्यावर सोनेरी कसबाची नक्षी. माथ्यावर मधोमध एका बिंदूपासून सुरुवात होते; फेरीमागून फेरी टाके वाढत जाऊन सपाट चकती तयार होते; मग ठरलेल्या मापाला वाढ थांबते, आणि वाढ थांबली की कापडाला सपाट राहणे अशक्य होऊन भिंत उभी राहते. टोपी म्हणजे वाढवणे कोठे थांबवावे याचे उत्तर. नक्षीही मोजूनच बसवावी लागते, कारण एक टाका चुकला तर सोन्याची रेघ फेरीच्या शेवटी सांधत नाही. सांधा जेथे मिळतो ती जागा शोधूनही सापडू नये, हीच त्या कामाची परीक्षा. जो चौकोन आपण नवशिक्यांचा खेळ म्हणून बाजूला सारतो, त्याच्यात आणि त्या टोपीत तत्त्वाचे अंतर नाही. अंतर आहे ते सुताच्या बारकाव्याचे, आणि विणणारीने हिशेब किती आत्मसात केला आहे याचे. ज्या गावात उत्तम क्रोशाचा नमुना रस्त्याने डोक्यावर घालून हिंडतो, तेथील मुलींना त्याची ओळख परदेशी चित्रांतून व्हावी, हे आम्हांस विचित्र वाटते.

उलट दिशेचा नमुनाही जवळच आहे, आणि तो कोंकणी मुलखातला. कारवार जिल्ह्यात, म्हणजे आजच्या उत्तर कन्नडात, हल्याळ आणि यल्लापूरच्या बाजूस सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांचे वंशज त्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांची घरची बोली कोंकणीचीच एक तऱ्हा आहे. त्यांच्या स्त्रिया जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. ती कडेपासून सुरू होते आणि धावदोऱ्याने आत आत सरकत मध्यावर संपते. शेवटी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची लहान फुले बसवतात. त्यांवाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. आमचा चौकोन मध्यात जन्मतो आणि बाहेर वाढतो. कवंदीची शिवणारी प्रथम आपली हद्द आखून घेते आणि मग ती भरते. चौकोनाच्या विणणारीला हद्दच नाही, लोकर संपली की हद्द आली. म्हणून कवंदीत तुकडा कसा बसवावा याचा निर्णय क्षणोक्षणी घ्यावा लागतो, आणि चौकोनात तो घ्यावाच लागत नाही. कवंदी पाहताना शिवणारीचे मन दिसते. चौकोन पाहताना पुष्कळदा केवळ नियम दिसतो. शोभेची वस्तू म्हणून चौकोन येथे उणा पडतो, हे आम्ही कबूल करतो.

ही उणीव भरून काढण्याची एकच जागा चौकोनात मोकळी आहे, ती म्हणजे रंग. आणि नेमकी तेथेच सर्वाधिक नासाडी होते. दर फेरीला नवा रंग, तोही दुकानातला सर्वांत भडक. शेवटी सगळ्यांभोवती काळी चौकट. काळ्या चौकटीमागे मूळचा शहाणपणा होता. तुकड्या-तुकड्यांच्या लोकरीचे रंग एकमेकांशी भांडत, त्यांना एका कुंपणात घालण्याकरिता काळा रंग आला. ती तडजोडीची अट होती. पण आता मुली भांडणारे रंग मुद्दाम विकत आणतात आणि मग तडजोडीसाठी काळी लोकरही विकत आणतात! ज्या घरात उरलेले तुकडे नाहीत त्या घरात तुकड्यांचे सोंग कशाला?

आमच्या बायकांना रंगाची जाण बाहेरून आणण्याची गरज नाही. इरकली लुगड्याकडे पाहावे: अंग एका रंगाचे, काठ दुसऱ्याचा, आणि दोहोंमध्ये उजळ-गडदाचा स्पष्ट फरक. पाच फेऱ्यांच्या चौकोनात आतल्या चार एका रंगाच्या आणि पाचवी काठाची, एवढा संयम दाखवला तरी पुष्कळ. नवशिकीने तर पहिला चौकोन एकाच फिक्या रंगात करावा. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत आणि फिक्या लोकरीत लपत नाहीत. एकरंगी चौकोनात एक गोष्ट प्रथमच दिसते, जी रंगांच्या गर्दीत हरवलेली असते: फटी. तीन खांबांच्या गटांमधल्या त्या मोकळ्या जागा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओळीने सरकत जातात, आणि चौकोन उजेडासमोर धरला की जाळीदार खिडकीसारखा दिसतो. त्याचे सौंदर्य दोऱ्याइतकेच, किंबहुना दोऱ्याहून अधिक, त्या जाळीत आहे.

रंगांचा आणखी एक खर्च असतो, जो कोणी आधी सांगत नाही. प्रत्येक नवा रंग म्हणजे दोन सुटी टोके. पाच रंगांच्या एका चौकोनाची दहा. बाराने दहा चौकोनांचे पांघरूण करावयाचे तर १२० चौकोन, आणि १,२०० टोके, जी बोथट सुईने एकदा इकडून आणि एकदा तिकडून आत ओवून टाकावी लागतात. ओवली नाहीत तर पहिल्या धुण्यात सुटतात. अर्धवट पांघरुणांनी भरलेल्या ज्या पिशव्या आम्ही नातलगांच्या कपाटांत पाहिल्या, त्यांत खांब घालण्याचा कंटाळा क्वचित होता. टोके ओवण्याचा होता. चौकोनाचे सामर्थ्य जोडण्यात आहे हे खरे. २०१६ साली चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या समूहाच्या स्त्रियांनी ठिकठिकाणी विणलेले तुकडे एकत्र जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण केले आणि जागतिक विक्रमात नाव नोंदवले. विक्रमांचे आम्हांस फारसे अप्रूप नाही. पण त्या बातमीत पांघरुणाची लांबीरुंदी वाचताना आमच्या मनात पहिला विचार टोकांचाच आला.

आता दुष्काळापाशी सोडलेला मुद्दा. यंत्रमागांच्या या गावात वावरणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी: क्रोशाचे कापड बाजारासाठी काढणारे यंत्र आजवर व्यवहारात आलेले नाही. प्रयोगशाळांतून खटपटी झाल्या आहेत; आणि क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघतेही, पण तिची वीण निराळी असते. कारण सोपे आहे. यंत्राला एका ओळीत मांडलेले फास हवे असतात. क्रोशाची सुई मात्र आधी झालेल्या कापडात वाटेल तेथे, वाटेल त्या बाजूने शिरते आणि एकाच फासावर सर्व भार ठेवते. याचा अर्थ असा की दुकानात खऱ्या क्रोशाची वस्तू टांगलेली दिसली तर ती कोणाच्या तरी हाताने, टाक्यामागून टाका घालूनच झालेली आहे. ती फार स्वस्त असेल तर त्या स्वस्ताईची झळ कोणाला बसली, हे शोधायला दूर जावे लागत नाही.

आंध्रातील नरसापूर हे आपल्या देशातले क्रोशाचे सर्वांत मोठे केंद्र. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथे हे काम शिकवले, आणि गोदावरीच्या त्या भागातील हजारो स्त्रिया ते करीत आल्या. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या स्त्रियांवर १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातले मुख्य निरीक्षण कोणाही वकिलाने ध्यानात ठेवावे असे आहे. घरकाम सांभाळून या स्त्रिया रोज कित्येक तास निर्यातीसाठी विणीत, नगावर मोबदला घेत. पण व्यापारी, दलाल, घरचे पुरुष, इतकेच काय त्या स्वतःदेखील, या कामाला फावल्या वेळचा उद्योग म्हणत आणि विणणारीला गृहिणी म्हणत. कामगार हा शब्द कोणी उच्चारला नाही, म्हणून कामगाराची मजुरीही कोणी मोजली नाही. एका विशेषणाने एवढे काम होते! कायद्याने हे विशेषण उशिरा का होईना बदलले. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात, आणि त्यानंतरच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, मालकासाठी आपल्या घरी बसून मोबदल्यावर माल तयार करणाऱ्या व्यक्तीची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि साहित्य मालकाने दिले की तिने स्वतः आणले याने त्या व्याख्येत फरक पडत नाही. परंतु व्याख्येत बसणे निराळे आणि कोणी मोजणे निराळे.

शिकवण्याच्या रीतीविषयी आम्ही एवढी हुज्जत घातली ती याचकरिता. ज्या मुलीला केवळ ‘तीन खांब, दोन साखळ्या’ एवढेच येते, तिला नमुना दुसऱ्याकडून घ्यावा लागतो, आणि नमुना ज्याचा त्याचाच भाव. जिला १२ चा हिशेब कळला आहे ती नमुना स्वतः काढते, लोकर किती लागेल ते आधी सांगते, आणि एका चौकोनाचे १८० खांब घालायला आपल्याला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहते. आमची सूचना अशी की कोणत्याही शिकवणीत पहिल्या चौकोनाबरोबरच वहीत दोन आकडे लिहून घ्यावे: लोकर किती ग्रॅम गेली आणि मिनिटे किती लागली. मग तो चौकोन विकायचा की भाचीला द्यायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. फुकट देणेही मोजून द्यावे. त्याने प्रेम कमी होत नाही.

राहता राहिला उपयोग. टीव्हीवर, माठावर, सोफ्याच्या पाठीवर आणि टेलिफोन घरात होता तोवर टेलिफोनवरही चौकोन पसरण्याची जी रीत होती, तिने चौकोनाची अप्रतिष्ठाच केली. ज्या वस्तूला कामच नाही तिच्यावर फक्त धूळ बसते. त्यापेक्षा देवघर बरे. बाळकृष्णाची थंडीतली टोपी आणि अंगरखा लोकरीने विणण्याची हौस आमच्या भागात पुष्कळ आहे, आणि दोन फेऱ्यांचा एक चौकोन त्याच्या पाळण्यातली गादी म्हणून नेमका बसतो. चौरंगावर घालण्यासाठी नऊ चौकोन जोडावे. ते सुती दोऱ्याचे असावेत, म्हणजे कुंकू-हळदीचे डाग उकळत्या पाण्यात धुता येतात. दुकानात लोकर म्हणून जे मिळते ते आज बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. नाव एक आणि माल दुसरा, हा व्यवहार तेथे कोणाला खटकत नाही. त्याला गरम इस्त्री लावू नये, अंग कायमचे मऊ आणि लुळे पडते. आणि समईखाली तर ते मुळीच घालू नये. सूत जळते, पण अ‍ॅक्रिलिक पेट घेताना वितळतेही, आणि वितळलेला थेंब खालच्या पाटाला किंवा हाताला चिकटून राहतो. समईखाली पितळेची ताटलीच असावी. चौकोन हवा असेल तर ताटलीच्या खाली, सुताचा, आणि ताटलीच्या काठाबाहेर बोटभरही न येईल एवढा.